पाच कमानींचा दगडी पूल: पाडावा की राखावा? एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुलाचं, नदीचं आणि गावाचं नाव मी या लेखात देत नाही. या कामातली बरीच माणसं अजून त्याच खात्यांत आहेत, आणि काहींनी आपल्या चुका मोकळेपणाने सांगितल्या त्या नाव येणार नाही या भरवशावर. मी सल्लागार गटातला एक अभियंता होतो. माझ्याही चुका यात आहेत.

पूल शंभराहून अधिक वर्षं जुना. पाच कमानी, नदीपात्रात चार खांब, घडीव दगड, चुन्याची बांधणी, आणि एका वेळी एकच ट्रक जाईल एवढी रुंदी. मधली कमान शेजारच्यांपेक्षा जराशी उंच आहे, त्यामुळे रस्ता मध्यापर्यंत चढतो आणि मग उतरतो. खांबांना प्रवाहाच्या वरच्या अंगाला होडीच्या नाळेसारखी टोकं आहेत, पाणी चिरण्यासाठी. कमानीच्या दर्शनी दगडांना कडेने दोन बोटं रुंदीची गुळगुळीत पट्टी काढलेली आहे आणि मधला भाग खडबडीत ठेवला आहे. सकाळचं तिरपं ऊन आलं की एकेक दगड वेगळा मोजता येतो. पाथरवटाने आधी कडा सरळ केल्या आणि मग मधलं फोडलं, तो कामाचा क्रमच तिथे राहिला आहे. या पुलाचं देखणेपण असं कामातून आलेलं आहे. पुढे जे निर्णय घ्यावे लागले त्यांत ही गोष्ट वारंवार आड आली, आणि ती आड आली हे बरंच झालं.

गावाचं कोणतंही छायाचित्र काढायचं तर लोक पुलाच्या खालच्या अंगाला, काठावरच्या एकाच जागी उभे राहतात. तिथून पाचही कमानी आणि त्यांची पाण्यातली प्रतिबिंबं एकदम दिसतात. ही जागाही लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

अडचण

एका पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला. पाणी कमानींच्या माथ्याजवळ पोचलं, रात्रभर तिथेच राहिलं आणि मग ओसरलं. दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी दिसल्या. तिसऱ्या कमानीच्या पोटात, वरच्या अंगाच्या कडेपासून हातभर आत, रस्त्याला समांतर जाणारी एक लांब भेग. त्याच कमानीवरची बाजूची भिंत फुगलेली. आणि भिंतीवरचा कठडा नदीकडे कललेला.

पहिली पाहणी रस्त्यावरून आणि काठावरून झाली. अहवाल एका पानाचा होता: पूल धोकादायक, पाडून त्याच जागी काँक्रीटचा नवा बांधावा. तो लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन बसगाड्यांसह इतर वाहनंही वाहून गेली. त्या रात्रीनंतर जुन्या दगडी पुलाच्या कागदावर 'सुरक्षित' असं लिहून सही करणं कुणालाच सोपं राहिलेलं नाही. ती भीती खरी आहे आणि तिचा मान ठेवूनच पुढचं काम करायला हवं होतं.

पहिला निर्णय त्याच दिवशी झाला: अवजड वाहनं बंद. कारण कळलेलं नसतानाही हा निर्णय योग्यच होता. दुसरा निर्णय पुलाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचा. पाडण्याच्या प्रस्तावावर सही करण्याआधी त्याने सहा आठवडे मागून घेतले, कारण पुलाखाली अजून कुणी गेलेलंच नव्हतं. या सबंध प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा क्षण कोणता असं विचारलं, तर मी हाच सांगेन. त्याच्या वरचे लोक नाराज होते. मधल्या काळात पूल पडला असता तर दोष त्याच्याच माथी आला असता, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

तपासणी

दगडी कमान कशी उभी राहते हे थोडक्यात सांगावं लागेल, नाहीतर भेगेचा अर्थ लागणार नाही. दगड दाब सोसतो, ओढ सोसत नाही. म्हणून कमानीत सगळा भार दाबाच्या रूपात दगडातून दगडात जात खाली खांबापर्यंत पोचावा लागतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात याची किल्ली सांगितली: साखळी दोन टोकांना धरून लोंबती सोडली की जो आकार येतो, तोच उलटा केला की कमान उभी राहते. भाराची ही वाट दगडांच्या जाडीच्या आत राहिली, तर कमान टिकते. ब्रिटिश अभियंते जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये हा विचार आधुनिक गणिताच्या चौकटीत बसवला. त्यातून निघणारी एक गोष्ट लोकांना पटवायला फार जड जाते: कमानीला भेग पडली म्हणजे ती पडायला आली असं नव्हे. भेग ही बिजागरी असते. तीन बिजागऱ्या असलेली कमान शांतपणे उभी राहू शकते, टेकू जरासे सरकले तरी ती स्वतःला जुळवून घेते. चौथी बिजागरी तयार झाली, की मात्र ती कोसळते.

या बिजागऱ्या कमानीच्या आडव्या भेगांतून होतात. आमची भेग रस्त्याला समांतर होती, म्हणजे तिचा कमानीच्या गाळ्याशी, दोन खांबांमधल्या पल्ल्याशी, थेट संबंध नव्हता. अशी भेग बहुधा तेव्हा पडते, जेव्हा पुलाच्या पोटातला भराव बाजूच्या भिंतीला बाहेर ढकलतो आणि भिंत जाताना कमानीची कड सोबत ओढते. कमानीवर माती, मुरूम, दगडगोटे भरून वर रस्ता केलेला असतो आणि दोन्ही बाजूंच्या भिंती त्या भरावाला आवरून धरतात. कोरडा भराव फारसा त्रास देत नाही. भिजून चिंब झालेला भराव मात्र मातीचा आणि पाण्याचा असा दुहेरी दाब देतो.

ही शंका खरी की खोटी ते पाहायला आम्ही भेगेवर काचेच्या पातळ पट्ट्या बसवल्या. पुलाखाली कुणी नसताना ठरावीक वजनाची गाडी सावकाश वरून नेली. पट्ट्या जशाच्या तशा राहिल्या. मग पाऊस आला. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वर रहदारी जवळजवळ नसताना, एक पट्टी तडकली. पुढच्या पावसानंतर आणखी एक. गाडीने न तडकलेली काच पावसाने तडकते, याहून स्पष्ट उत्तर पुलाने काय द्यायचं!

पाणी आत येत होतं आणि बाहेर जात नव्हतं. आत कसं येतं हे जुन्या छायाचित्राने सांगितलं. त्यात कठडा माणसाच्या कमरेपर्यंत आहे, आणि आम्ही पाहत होतो तो गुडघ्याच्या थोडा वर. कठडा तोच होता, रस्ता वर आला होता. डांबराचे थरावर थर चढत गेले होते आणि कडेच्या दगडी पन्हळी, ज्यांतून पावसाचं पाणी थेट नदीत पडायचं, त्या थरांखाली गाडल्या गेल्या होत्या. डांबराच्या भेगांतून पाणी भरावात मुरत होतं.

बाहेर का जात नव्हतं, याचं उत्तर जरा दुखावणारं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पुलाची डागडुजी झाली होती. तेव्हा दर्शनी भिंतींच्या सगळ्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या गेल्या. काम नीटनेटकं होतं, भरणाऱ्यांनी मनापासून केलं होतं आणि गावालाही ते आवडलं होतं. पण चुन्याची दर्ज श्वास घेते. भिंतीतलं पाणी तिच्यातून हळूहळू झिरपून वाळतं. सिमेंटने ती वाट बंद केली. मग पाण्याने कमानीच्या पोटातून वाट काढली आणि येताना आतला चुना विरघळवून आणला. तिसऱ्या कमानीखाली उभं राहिलं की पांढरे सुळके लोंबताना दिसत. ते गुहेत शोभतात. पुलाखाली लोंबतात तेव्हा त्यांतला कण अन् कण कुठल्यातरी सांध्यातून सुटून आलेला असतो.

आमच्यासोबत एक वयस्क पाथरवट होते. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, दगडाला घाम येतो. तो येऊ द्यायला पाहिजे. तुम्ही लोकांनी त्याचं अंग लिंपून टाकलंय." आम्ही महिनाभर जे मोजत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

इथवर आम्ही खूश होतो. कारण सापडलं होतं, उपाय दिसत होता. आणि इथेच आम्ही मोठी चूक करणार होतो.

नदीच्या तळाची पातळी पूर ओसरल्यावर मोजली गेली होती. नोंद होती: तळ सपाट, पाया झाकलेला. मी ती वाचली, ठीक आहे असं समजून पान उलटलं. त्याच पाथरवटांनी विचारलं, "पहार मारून बघितली का?" पाणी कमी होतं त्या दिवशी दुसऱ्या खांबाच्या नाळेशी उतरून पहार टोचली. इतर ठिकाणी ती ठण् करून थांबत होती. इथे ती लोण्यात जावी तशी खाली गेली, आणि मूठ पाण्याला टेकेपर्यंत थांबलीच नाही.

खांबाला आपटणारं पाणी खाली वळतं, भोवरे करतं आणि नाळेच्या पायथ्याचा तळ खरवडून नेतं. हे पुराच्या भरात होतं. पूर उतरू लागला, वेग मंदावला की तोच खड्डा वाळूने, गाळाने परत भरतो. ओसरल्यावर मोजायला जावं तर तळ सपाट! पण भरलेली वाळू सैल असते, पुढच्या पुरात पहिल्या तासात निघून जाते. आमच्या खांबाच्या पायाखालचा वरच्या अंगाचा कोपरा असा पोकळीवर टेकला होता. मग नीट पाहिल्यावर खांबाच्या वर, कमान जिथून सुटते तिथे, एक बारीक तिरकी भेगही सापडली. ती आधीही तिथेच होती. मोठ्या भेगेने सगळ्यांची नजर धरून ठेवली होती.

फुगलेली भिंत हा सावकाशीचा आजार होता. पूल कोसळला असता तो पायाखालच्या या खड्ड्यामुळे. जगभर दगडी कमानीचे पूल पुरात जातात तेव्हा बहुधा दगड फुटलेला नसतो, खालची जमीन गेलेली असते किंवा पाण्याची वाट अडलेली असते. प्रागच्या चार्ल्स पुलाच्या तीन कमानी १८९० च्या पुरात कोसळल्या, तेव्हा वाहून आलेले ओंडके कमानींत अडकून पाणी तुंबलं होतं.

पर्याय

खड्ड्याची गोष्ट कळल्यावर पाडण्याच्या बाजूने असलेले लोक साहजिकच म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. तेव्हा पर्याय पुन्हा पहिल्यापासून मांडले.

पाडून त्याच जागी नवा पूल, हा पहिला. रुंद रस्ता मिळेल, जबाबदारी स्पष्ट राहील. पण बांधून होईपर्यंत दोन काठ तुटणार, आणि पूल कायमचा जाणार. कुणीतरी सुचवलं की पाडून तसाच दगडी परत बांधू, मोस्तारला नाही का बांधला? बोस्नियातल्या मोस्तारचा सोळाव्या शतकातला पूल १९९३ मध्ये युद्धात तोफांनी पाडला गेला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला, हे खरं. तो बांधला गेला कारण तो उद्ध्वस्त झाला होता. उभा असलेला पूल आपल्या हाताने पाडायला मोस्तारचा आधार घेणं मला पटलं नाही, आणि बैठकीत मी ते जरा जास्तच चढ्या आवाजात बोललो.

दुसरा पर्याय कमानींच्या पोटाला लोखंडी जाळी ठोकून सिमेंट फवारण्याचा. लवकर होतो, आणि मजबुती आली हे डोळ्यांना दिसतं. पण पाणी आणखी कोंडणार, पाण्याला वाहायची जागा कमी होणार, आणि आत दगडाचं काय चाललंय हे पुन्हा कधी दिसणार नाही. शिवाय केलेलं काढता येत नाही. मला स्वतःला हा पर्याय पाडण्यापेक्षाही वाईट वाटतो, कारण तो पूल वाचवल्याचं समाधान देतो.

तिसरा, वरून भराव काढून कमानींवर काँक्रीटचं खोगीर चढवायचं. याला आधार आहे, पुष्कळ ठिकाणी केलं जातं. पण आमच्या कमानी भारात कमी पडत नव्हत्या. नसलेल्या दुखण्यावर एवढं कठीण औषध कशाला?

चौथा, अवजड रहदारीसाठी वरच्या अंगाला वेगळा पूल, आणि जुन्याचा पाया, पाण्याचे मार्ग आणि चुन्याचं काम दुरुस्त करून तो हलक्या वाहनांसाठी ठेवायचा. नव्या पुलाचा प्रस्ताव तसाही कागदावर होता.

पाचवा पर्याय कुणी उघड मांडला नाही, पण तो नेहमी हजर असतो: बंद करून फाटक लावायचं आणि 'वारसा' म्हणून पाटी ठोकायची. वापर थांबलेल्या पुलाच्या पन्हळी कुणी साफ करत नाही. झाडं उगवतात, मुळं सांध्यांत शिरतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी कुणाच्याही आदेशाशिवाय पूल पडतो.

गावाच्या बैठकीत एका बाईंनी जे विचारलं त्याने आमचा आराखडा बदलला. त्या म्हणाल्या, "पूल सुंदर आहे हे आम्हाला रोज दिसतं. पण रात्री पेशंटला घेऊन लांबच्या रस्त्याने जायचं कुणी?" आम्ही पादचारी पुलाच्या कल्पनेकडे झुकत होतो. त्यानंतर ठरलं की रुग्णवाहिका जाईल एवढा भार पुलाने घेतलाच पाहिजे, आणि तेवढा भार पूल घेऊ शकतो हे आकडेमोडीतून आणि चाचणीतून दाखवायचं.

चौथा पर्याय ठरला.

प्रत्यक्ष काम

क्रम पक्का होता: आधी पाया, मग पाणी, मग भिंत, शेवटी दर्जा. दर्शनी भाग आधी सुंदर करून उद्घाटन उरकण्याचा मोह प्रत्येक टप्प्यावर झाला. तो टाळला गेला, त्याचं श्रेय पुन्हा त्या अधिकाऱ्याला.

खांबाखालची पोकळी काँक्रीटने भरली. हो, सिमेंटच्याच. पाण्याखाली, नदीच्या माऱ्यात चुना टिकून बसेल याची वाट पाहायला वेळ नव्हता, आणि तिथे कोंडायला काही नव्हतं. चुना पवित्र आणि सिमेंट अपवित्र असा माझा आग्रह नाही, कुठे काय वापरायचं एवढाच प्रश्न आहे. नाळेभोवती मोठे दगड बसवले, पण तळाच्या पातळीच्या वर येणार नाहीत अशा बेताने. ढीग केला असता तर पाण्याची वाट अरुंद झाली असती आणि वेग वाढून शेजारचा तळ गेला असता.

भराव काढताना काम एकदा थांबवावं लागलं. कंत्राटदाराने यंत्र आणून एका टोकाकडून उकरायला सुरुवात केली होती. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता, रस्ता असाच उकरतात. पण कमानीवरचा भार हा कमानीचा आधारही असतो. तो कमानीच्या एका खांद्यावरून, म्हणजे माथ्याच्या एका बाजूच्या उतारावरून, काढला आणि दुसऱ्यावर ठेवला तर भाराची वाट दगडाबाहेर जाऊ शकते. वेल्समधल्या पॉन्टिप्रिद इथे टॅफ नदीवर विल्यम एडवर्ड्स या गवंड्याने अठराव्या शतकात १४० फूट गाळ्याची एकच कमान उभी केली, ती आधीच्या अपयशांनंतर. एका वेळी कमान पूर्ण झाली होती, पण खांद्यांवरच्या भाराने माथ्याचे दगड वर ढकलले गेले आणि ती कोसळली. शेवटी त्याने दोन्ही खांद्यांत तीन-तीन गोल, आरपार भोकं ठेवून तिथला भार कमी केला. १७५६ साली पूर्ण झालेला तो पूल आजही उभा आहे. मी कंत्राटदाराच्या मुकादमाला त्या पुलाचं चित्र दाखवलं. सूत्रांनी जे झालं नसतं ते त्या भोकांनी झालं. त्यानंतर भराव हाताने, माथ्यापासून दोन्हीकडे सारखा, आणि पाचही कमानींवर थरांच्या हिशेबाने निघाला. एकच कमान मोकळी केली असती तर शेजारच्या कमानीने मधल्या खांबाला रेटलं असतं.

डांबराचे थर गेले, पन्हळी सापडल्या. त्या दिवशी सगळे काम सोडून बघायला आले. एकीच्या तोंडाशी पाथरवटाने पाण्यासाठी खोदलेली बोटभर खोल चर तशीच होती. भरावावर पाणी न झिरपणारा थर घालून त्याला पन्हळींकडे उतार दिला आणि रस्ता जुन्या पातळीवर आणला. कठडा पुन्हा कमरेएवढा झाला.

फुगलेली भिंत ओढून सरळ होत नाही, आत सैल भराव घसरून बसलेला असतो. तेवढा भाग दगड-दगड उतरवून, क्रमांक घालून परत रचला. उरलेल्या लांबीत न गंजणारे पोलादी ताणगज आरपार घातले. तुटलेल्या कठड्याचा एक तुकडा कसा होता याचा पुरावा मिळाला नाही. स्मारकांच्या जतनाची १९६४ ची व्हेनिसची सनद सांगते की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. म्हणून तिथे साधे, कोरीवकाम नसलेले दगड बसवले. गावातल्या काहींना ते अजून खटकतं.

चुन्याने आमची परीक्षा पाहिली. कळीचा चुना विझवून मुरवला, त्यात विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, मिसळली, नमुन्याचे चौकोन करून पाहिले. तरीही पहिल्या आठवड्याचं काम फुकट गेलं. उन्हाच्या तोंडावर असलेल्या भिंतीवर ओली गोणपाटं धरली गेली नाहीत, चुना घट्ट होण्याआधीच वाळला आणि बोटाने उकरला की पिठासारखा निघू लागला. सगळं काढून पुन्हा भरलं. जुन्या सिमेंटच्या दर्जा छिन्नी-हातोडीने काढायचं ठरलं होतं. घाईत दोन ठिकाणी ग्राइंडर चालवला गेला आणि दगडांच्या कडांवरची ती दोन बोटांची पट्टी चिरली. त्या रेघा आता कायमच्या आहेत.

परिणाम

त्यानंतरच्या पावसाळ्यांत पन्हळी वाहताना पाहिल्या. पाऊस थांबल्यावरही काही वेळ त्या ठिबकत राहतात, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर येतं. कमानीच्या पोटातले सुळके काढून टाकले होते, ते परत आलेले नाहीत. भेगेवरच्या नव्या पट्ट्यांपैकी एकच तडकली, तीही पहिल्याच पावसाळ्यात. नंतर काही नाही. अवजड वाहनं नव्या पुलावरून जातात, रुग्णवाहिका आणि मोटारी जुन्यावरून.

आज करायचं झालं तर

नव्या पुलाची जागा. याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तो वरच्या अंगाला, जुन्याच्या फार जवळ झाला. जोडरस्त्याची जमीन तिथे सहज मिळत होती. खालच्या काठावरच्या त्या जागेवरून आता पाचही कमानींच्या मागे काँक्रीटची सरळ पट्टी दिसते, आणि कमानीच्या पोकळीतून जिथे आकाश दिसायचं तिथे नवे खांब दिसतात. आराखडा आमच्यासमोर आला होता. तो आमच्या कामाच्या कक्षेत नव्हता म्हणून मी बोललो नाही. वास्तूला तिच्याभोवतीची मोकळी हवाही लागते, हे मला माहीत होतं. जिथे बोलायला हवं होतं तिथेच मी गप्प बसलो.

तळाची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. दगडी पुलाबाबत आता मी आधी पाण्यात उतरायला सांगतो आणि मग भेगांकडे बघतो. आमच्या सहा आठवड्यांत मोठा पूर आला असता तर हा लेख वेगळाच झाला असता.

उतरवलेल्या दगडांवर क्रमांक आम्ही दर्शनी बाजूला तैलरंगाने घातले. पुसायला गेलो तेव्हा रंग दगडाच्या छिद्रांत मुरला होता. काही आकडे अजून अंधुक दिसतात. क्रमांक दगडाच्या आतल्या, सांध्यात जाणाऱ्या तोंडावर घालायचे असतात, हे पाथरवटांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. त्यांचं ज्ञान आम्ही अडचणीच्या वेळी वापरलं, आराखडा करताना नाही. चुन्याचं प्रमाण, विझवण्याचा काळ, दगडाची नस ओळखण्याची खूण, यातलं अर्धंच आम्ही लिहून ठेवलं. ते पाथरवट आता काम करत नाहीत.

डागडुजीचं वेळापत्रक मात्र केलं, आणि त्याला पैशांची वेगळी तरतूद मिळवली. पावसाआधी पन्हळी साफ करायच्या, सांध्यांतली रोपं मुळासकट काढायची, प्रत्येक पुरानंतर चारही खांबांशी पहार टोचून खोली वहीत लिहायची. गेल्या पुरानंतरची नोंद माझ्याकडे आली आहे. दुसऱ्या खांबाशी पहार लगेच थांबली. चौथ्या खांबाशी, जिथे आधी कधीच ती आत गेली नव्हती, ती हातभर गेली. नव्या पुलाचे खांब जुन्यांच्या रेषेत नाहीत, त्यामुळे प्रवाह त्या बाजूला वळत असावा असा माझा संशय आहे. पाणी उतरलं की पुढच्या महिन्यात तिथे उतरून पाहायचं ठरलं आहे.